फ्लायट्रॅपला हिवाळ्यात झोपू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवस लहान होऊ लागले की बागकामाच्या सदरांतून एक सल्ला हमखास छापून येतो. पानांच्या सापळ्यात कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपची पाने काळी पडू लागली तर कुंडी उबदार खोलीत घ्या, पाणी वाढवा, चिमूटभर खत द्या आणि जमल्यास सापळ्यात एखादी माशी सोडा. या चारांपैकी एकही सूचना बरोबर नाही. चारही एकदम पाळल्या तर झाड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकणे कठीण. कीटकभक्षी वनस्पती घरी सांभाळणाऱ्या आम्हा काही जणांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. थंडीच्या तोंडावर नेमके काय करावे, हे एकदा सविस्तर छापले जावे एवढीच इच्छा.

फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतील नॉर्थ व साउथ कॅरोलायनाच्या किनारी सपाटीवरच्या ओलसर, निकस जमिनीतला. तिथे उन्हाळा उष्ण आणि दमट असतो, पण हिवाळ्यात रात्री पारा शून्याखालीही उतरतो. झाडाने आपले वर्ष त्या हिशेबाने बांधले आहे. दिवसाचा उजेड दहा तासांच्या आसपास आला आणि रात्री दहा अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागल्या, की उंच उभी पाने एकेक करून काळी पडतात. मधून येणारी नवी पाने आखूड, जमिनीला चिकटलेली असतात. सापळे लहान आणि सुस्त, कित्येकदा मिटतही नाहीत. सगळा साठा मातीखालच्या पांढऱ्या गड्ड्यात गेलेला असतो. ही अवस्था तीन ते चार महिने चालते. एक हिवाळा चुकला म्हणून झाड लगेच मरत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. पुढच्या वर्षी पाने जरा बारीक येतात, त्याच्या पुढच्या वर्षी सापळे नखाएवढे राहतात आणि मग एका उन्हाळ्यात, सगळे बरे चाललेले असताना, झाड बसते. कारण शोधताना कोणी दोन वर्षे मागे जात नाही.

पण सगळीच कीटकभक्षी झाडे अशी झोपत नाहीत. म्हणून हिवाळ्याची तयारी पाण्यापासून किंवा पांघरुणापासून सुरू होत नाही, ती कुंडीवरच्या नावाच्या पट्टीपासून सुरू होते. झाड कुठले, हे कळल्याशिवाय हात लावू नये. उत्तर अमेरिकेतील फ्लायट्रॅप व सरासेनिया (तुतारीसारख्या घटपर्णी), थंड प्रदेशांतले ड्रॉसेरा (आपण ज्यांना दवबिंदू म्हणतो ते) आणि युरोपातली चिकट पानांची पिंग्विक्युला यांना थंडी लागतेच. आग्नेय आशियातल्या नेपेंथिस घटपर्णींना ती नको. दक्षिण आफ्रिकेचा केप ड्रॉसेरा, म्हणजे ड्रॉसेरा कॅपेन्सिस, दोन्हीकडे जमवून घेतो. ऑस्ट्रेलियातले कंदवाले ड्रॉसेरा तर सगळ्यांच्या उलट वागतात: हिवाळ्यात वाढतात आणि उन्हाळ्यात मातीखाली कंद होऊन कोरडे झोपतात. असा कंदवाला ड्रॉसेरा सरासेनियाच्या जोडीने फ्रिजमध्ये गेला तर त्याच्या वाढीचा एकमेव हंगाम बुडाला. पट्टी पुसट झाली असेल तर झाड हिरवे असतानाच पेन्सिलीने नवी लिहावी. पेन्सिल उन्हापाण्यात टिकते, शाईचे पेन टिकत नाही. जानेवारीत उघड्या मातीकडे पाहून कुठली कुंडी कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही.

फ्लायट्रॅपचे खाणे थंडीची चाहूल लागण्याआधी साधारण महिनाभर बंद करावे. सापळ्यातल्या केसांना वीसएक सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला की तो मिटतो, पण पचनाचे काम खरे त्यानंतर सुरू होते आणि त्याला ऊब लागते. उन्हाळ्यात एक माशी पचायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. गारठ्यात पाचक रस पुरेसा सुटत नाही, माशी आतच कुजते आणि तिच्याबरोबर सापळाही. तो मऊ, काळा, बुरशी धरलेला सापळा गड्ड्याला टेकलेला असतो हा खरा धोका. खत तर बाराही महिने मातीत घालायचे नाही. ही झाडे निकस दलदलीत वाढलेली आहेत, त्यांच्या मुळांना क्षार सोसत नाहीत.

साफसफाई मात्र मन लावून करावी. हिवाळ्यात झाड थंडीने दगावते त्यापेक्षा जास्त वेळा बुरशीने दगावते. पूर्ण काळे पडलेले पान बोटाने ओढू नये; गड्ड्याचा तुकडा सोबत येतो. लहान टोकदार कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी आणि पानाचा देठ तळापासून दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावा. अर्धे हिरवे असलेले पान ठेवावे, ते अजून अन्न तयार करते आहे. देठाखाली अडकलेले जुने पापुद्रे चिमट्याने काढावेत. मग अंगठ्याने गड्डा हलकेच दाबून पाहावा. कांद्याच्या पातीच्या बुडासारखा पांढरा आणि कडक लागला तर वर एकही हिरवे पान नसले तरी झाड जिवंत आहे. तपकिरी, मऊ लागला आणि आंबूस वास आला तर सड सुरू झालेली आहे. चांगला भाग दिसेपर्यंत ब्लेडने कापत जावे. मुळांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. फ्लायट्रॅपची मुळे मुळातच काळी असतात, फक्त टोक पांढरे. ती कुजली आहेत असे समजून कापून टाकणारे दरवर्षी भेटतात.

पाण्याबाबत दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि ते नेहमी एकत्र कालवले जातात: कुठले पाणी आणि किती पाणी. कुठले, याचे उत्तर हिवाळ्यातही बदलत नाही. पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी, टीडीएस मीटरवर (पाण्यातले क्षार मोजणारे उपकरण) शक्यतो ५० पीपीएमच्या आत. नळाचे पाणी उकळून क्षार जात नाहीत, वाफ गेल्यामुळे उलट थोडे दाट होतात. किती, हे मात्र बदलते. उन्हाळ्यात कुंडीखालच्या ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर पाणी कायम उभे असते. झोपलेल्या झाडाला पाने नाहीत, ऊन नाही, म्हणजे ते पाणी ओढत नाही आणि कुंडीच्या तळाशी थंड, शिळे पाणी नुसते साचून राहते. गड्डा कुजतो तो इथे. हिवाळ्यात ट्रे रिकामा होऊ द्यावा, दोन-तीन दिवस तसाच राहू द्यावा आणि मग अर्धा सेंटिमीटर पाणी घालावे. मातीचा रंग पाहण्यापेक्षा कुंडी उचलून पाहावी. ओली कुंडी हाताला जड लागते, आठवडाभरात अंदाज बसतो. पीट (कुंडीत भरतात ते दलदलीतले कुजलेले शेवाळ) एकदा खडखडीत वाळले की ते पाणी धरायलाच तयार होत नाही, वरून ओतलेले पाणी कडेने खाली निघून जाते. तेव्हा ओलसर हवे, चिखल नको. माती म्हणजे अर्थातच बिनखताचे पीट मॉस आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), दोनास एक किंवा निम्मे-निम्मे. कोकोपीटमध्ये बऱ्याचदा मीठ असते, ते अनेकदा धुतल्याशिवाय वापरू नये. बागेची माती आणि शेणखत यांचा इथे काही संबंध नाही.

आता सरासेनिया. या उभ्या तुताऱ्यांसारख्या घटपर्णींच्या बाबतीत होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिवाळा आला म्हणून सगळी पाने एकदम छाटणे. सरासेनिया ल्युकोफिला आपल्या सर्वात देखण्या, पांढऱ्या शेंड्याच्या तुताऱ्या पावसाळी-शरद हंगामाच्या शेवटी काढते. त्या छाटणे म्हणजे गड्ड्यात जायचा साठाच कापणे. तुतारीचा वरचा भाग वाळला असेल तेवढाच कापावा, हिरवे आहे तिथपर्यंत ठेवावे. सरासेनिया फ्लावा काही चपटी, तलवारीसारखी, तुतारी नसलेली पाने काढते. ती बिघाड नव्हे, थंडीत प्रकाशसंश्लेषण चालू ठेवण्याची सोय आहे. ती तर मुळीच कापू नयेत. पर्प्युरिया आणि सिटॅसिना या बुटक्या जातींच्या तुताऱ्या वर्षभर हिरव्या राहतात. पर्प्युरिया कॅनडातल्या दलदलींपर्यंत पोचलेली आहे, न्यूफाउंडलंड व लॅब्रॅडोर या प्रांताचे ते राजपुष्प आहे. तिच्या पेल्यातले पाणी गोठले तरी तिचे काही बिघडत नाही.

एखादी वाळकी तुतारी उभी चिरून पाहावी, म्हणजे स्वच्छता का हवी ते समजते. तळापासून अर्ध्यापर्यंत माश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांचा काळा गच्च लगदा भरलेला असतो, वर पंख आणि पाय, खाली ओळखू न येणारा चिखल. उन्हाळा संपताना शिकार इतकी होते की तुतारीला बाहेरून तपकिरी डाग पडतात. अशी भरलेली, वाळलेली तुतारी पावसात भिजून गड्ड्यावर आडवी झाली की राखाडी बुरशी धरायला दुसरे काही लागत नाही. या बुरशीचे नाव बॉट्रिटिस. राखेसारखा मऊ थर दिसतो आणि फुंकर मारली तर धूर उठल्यासारखे बीजाणू उडतात. म्हणून फुंकर मारूच नये. तो भाग ओल्या कागदात धरून कापावा आणि कागदासकट टाकावा. हवा खेळती ठेवावी, कुंड्या एकमेकींना खेटून असतील तर चार बोटे सरकवाव्यात. गंधकयुक्त बुरशीनाशक चालते. तांबे असलेली औषधे ही झाडे सहन करत नाहीत; तेव्हा फळबागेसाठी घरात असलेले बोर्डो मिश्रण कितीही हाताशी असले तरी इकडे वळवू नये, त्यात चुनाही असतो.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड सरासेनियाच्या गड्ड्यावरच्या वाळक्या पापुद्र्यांखाली हिवाळा काढतात. पापुद्रा उचलून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. मऊ दातघासणीने घासून काढणे हा सगळ्यात सोपा उपाय.

जिथे खरोखर बर्फ पडतो तिथे झाड बाहेर ठेवता येते, पण जमिनीतले झाड आणि कुंडीतले झाड यात मोठा फरक आहे. जमिनीत थंडी फक्त वरून येते, कुंडीला ती चहूबाजूंनी घेरते. दहा सेंटिमीटरची कुंडी एका रात्रीत आरपार गोठते. अधूनमधून गोठण्याचे फ्लायट्रॅपला फारसे वावडे नाही, सरासेनियाला त्याहून कमी. नुकसान होते ते गोठलेली माती, कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन एकत्र आले की. मुळांना बर्फातून पाणी ओढता येत नाही आणि पाने तर वाऱ्यावर वाळत असतात. झाड थंडीने नव्हे, तहानेने मरते. कुंड्या एकत्र करून मोठ्या टबात ठेवाव्यात, मधल्या जागा पीटने भराव्यात, वरून पाइनच्या सुया किंवा तत्सम कोरड्या पाल्याचा दहा-पंधरा सेंटिमीटर थर द्यावा आणि टब वाऱ्याआड भिंतीला लावावा. प्लास्टिक घालायचेच असेल तर ते पानांना टेकू नये आणि ऊन पडल्यावर उघडावे, नाहीतर आत भट्टी होते. पारा उणे पाचच्या खाली दिवसेंदिवस राहणार असेल तर फ्लायट्रॅपच्या कुंड्या न तापवलेल्या गॅरेजात किंवा पडवीत आणाव्यात. शून्य ते दहा अंशांतली जागा त्याला सर्वांत मानवते.

याउलट जिथे हिवाळा नावापुरताच असतो, रात्री पंधरा अंशांच्या खाली क्वचितच जातात, तिथे काय करायचे? घरातल्या उबेत, खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात झाड ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय. ऊब असल्यामुळे ते श्वसन करत राहते, उजेड नसल्यामुळे कमावत काही नाही, आणि गड्ड्यातली पुंजी खात बसते. पाने लांब, फिकट, लोळलेली होतात. थंडी जितकी जास्त तितका अंधार चालतो. ऊब असेल तर उजेड हवाच. हा हिशेब एकदा लक्षात आला की फ्रिज का चालतो तेही कळते. चार अंशांना झाडाचे सगळे व्यवहार इतके मंदावतात की दिव्याची गरज उरत नाही.

फ्रिजची पद्धत अशी. आधी तीन-चार आठवडे झाड बाहेरच राहू द्यावे, लहान दिवस आणि गार रात्री त्याला कळू द्याव्यात. तीस अंशांतून थेट चार अंशांत गेलेले झाड साठा न करताच झोपते. मग झाड कुंडीतून काढून मुळांवरची माती शुद्ध पाण्यात हलवून सोडवावी. काळी आणि म्हातारी पाने कापावीत, मधली दोन-चार आखूड हिरवी ठेवावीत. गड्डा गंधकाच्या बुरशीनाशकात बुडवून निथळू द्यावा. लांब धाग्याचे स्फॅग्नम मॉस (दलदलीतले वाळवलेले शेवाळ) भिजवून मुठीत घट्ट पिळावे, इतके की पुन्हा पिळले तर थेंब पडू नये. त्यात गड्डा आणि मुळे गुंडाळावीत, हिरवी पाने मॉसबाहेर राहू द्यावीत. झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करावे, वर नाव आणि तारीख लिहावी. पिशवी भाज्यांच्या खणात, तीन ते पाच अंशांत. मागच्या भिंतीला टेकवू नये, तिथे बर्फ धरतो. शेजारी पिकणारी सफरचंदे, केळी नकोत. त्यांतून निघणारा इथिलीन वायू पाने लवकर म्हातारी करतो. घरातल्यांना आधी सांगून ठेवावे, कारण पालेभाजीची शिळी जुडी समजून पिशवी कचऱ्यात जाण्याचा धोका बुरशीपेक्षा थोडासाच कमी असतो.

पहिला महिना दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून पाहावी, नंतर महिन्यातून एकदा पुरे. पांढरा धागा दिसला तर तो भाग कापून मॉस बदलावे. मॉस कोरडे वाटले तर चार थेंब पाणी, ओतायचे नाही. दहा ते बारा आठवडे झाले की बाहेर काढावे. सरासेनियाचा लहान गड्डाही याच पद्धतीने राहतो. बियांपासून वाढवलेल्या फ्लायट्रॅपच्या रोपांना पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत हे सगळे न करता उजेडात वाढू दिले तरी चालते. बोटभर रोपात साठाच कितीसा असणार.

नव्याने विकत घेतलेल्या झाडाबाबत सावध राहावे. बाजारात येणारी बरीचशी फ्लायट्रॅप ऊतीसंवर्धनातून, कायम उबदार आणि दिव्याखालच्या खोल्यांतून आलेली असतात. त्यांनी हिवाळा पाहिलेलाच नसतो. शरदात घेतलेले असे झाड थेट दंवात ठेवले तर जाते. त्याला रोज थोडे अधिक गार, असे तीन-चार आठवडे उतरवत न्यावे. आणि ते ज्या बंद काचेच्या बरणीत घालून विकतात ती बरणी पहिल्याच दिवशी काढून टाकावी. आत ना थंडी पोचते ना वारा, पोचते फक्त बुरशी.

थंड प्रदेशांतले ड्रॉसेरा, म्हणजे रोटंडिफोलिया, अँग्लिका, फिलिफॉर्मिस, हिवाळ्यात पूर्ण नाहीसे होतात. मधोमध हिरवट-तपकिरी, घट्ट वळलेली, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी कळी तेवढी उरते. हीच हिवाळी कळी. नवख्या माणसाला कुंडी रिकामी वाटते आणि तो माती उपसून दुसरे काही लावतो. ड्रॉसेरा बायनाटाची तर कळीही दिसत नाही, ती मुळांतून परत फुटते. केप ड्रॉसेरा पाच अंशांपर्यंत नुसता मंदावतो. दंवाने पाने जळाली तरी मुळांतून नवे कोंब येतात, म्हणून कुंडी टाकून देण्याची घाई नको. ऑस्ट्रेलियाचे चिमुकले पिग्मी ड्रॉसेरा दिवस लहान झाले की मध्यभागी सूक्ष्म खवल्यांसारख्या जननकळ्या काढतात. टाचणीच्या टोकाने स्पर्श केला तरी त्या टणकन उडतात. गोळा करून त्याच आठवड्यात ओल्या पीटवर पसराव्यात, वर माती टाकू नये. हिवाळ्यात फुकट मिळणारी एवढी एकच लागवड.

युरोपीय पिंग्विक्युलाही कळी होऊन झोपते आणि तिला त्या काळात मुळे नसतात. ती मातीवर नुसती ठेवलेली असते, पक्ष्यांनी किंवा गोठून फुगलेल्या मातीने सहज बाहेर फेकली जाते. कळीभोवती लहान लहान पिल्ले असतात, ती हिवाळा सरताना वेगळी करता येतात. मेक्सिकोच्या पिंग्विक्युलाचे गणित वेगळे. तिला थंडी नको, कोरडेपणा हवा. चिकट मोठी पाने जाऊन लहान, जाडसर, निवडुंगासारख्या पानांचा घट्ट गुच्छ होतो. या पानांवर चिकटा नसतो, ती कीटक पकडत नाहीत. पाणी दहा-पंधरा दिवसांतून एकदा, तेही खालून. वरून ओतलेले पाणी गुच्छात अडकले की झाड दोन दिवसांत पाणचट होते. याच काळात एखादे पान बुडाच्या पांढऱ्या भागासकट हलकेच वळवून काढले आणि ओलसर परलाइटवर ठेवले तर महिन्या-दीड महिन्यात त्याला रोप फुटते.

सेफॅलोटस हे घट धरणारे छोटे झाड नैऋत्य ऑस्ट्रेलियातले. त्याला पाच ते दहा अंशांच्या रात्री मानवतात, पण गोठणे नको आणि तुंबलेले पाणी तर अजिबात नको. हिवाळ्यात त्याला घटांऐवजी साधी चपटी पाने जास्त येतात, त्याची काळजी करू नये.

राहता राहिल्या नेपेंथिस. त्यांच्यात पुन्हा दोन तऱ्हा: डोंगरउंचावरच्या आणि सखल भागातल्या. उंचावरच्यांना रात्री दहा ते पंधरा अंश आवडतात, हिवाळा त्यांच्या सोयीचाच. अँप्युलारिया, रॅफ्लेशियाना, बायकॅल्कॅराटा या सखल भागातल्या. रात्र अठराच्या खाली गेली की त्यांची वाढ थांबते. हीटर लावला की थंडी जाते, पण हवेतला दमटपणाही जातो. पानांच्या टोकाच्या तंतूवर घटाची बारीक कळी धरते आणि तिथेच वाळते. लोक मग दिवसातून चार वेळा पाणी फवारतात. त्याचा परिणाम दहा मिनिटे टिकतो आणि पानांवर डाग पडतात. कुंड्या एकत्र ठेवणे, भोवती पारदर्शक आडोसा करणे, लहान ह्युमिडिफायर लावणे आणि हीटरच्या झोतापासून दूर नेणे हे खरे उपाय. गार रात्री पान खिडकीच्या काचेला टेकले तर तेवढाच भाग काळा पडतो. नेपेंथिसची कुंडी ट्रेमधल्या पाण्यात कधीच उभी ठेवू नये; खोलीच्या तापमानाचे पाणी वरून घालून पूर्ण निथळू द्यावे. उजेड कमी पडत असेल तर एलईडी दिवा रोज बारा ते चौदा तास. आणि हाच दिवा चुकून फ्लायट्रॅपवर पडत असेल तर त्याला उन्हाळाच वाटतो. त्याचा दिवा वेगळा करून टायमर आठ ते दहा तासांवर आणावा.

पाण्यातल्या युट्रिक्युलारिया आणि अल्ड्रोवांडा शेंड्याला गच्च कळी करून तळाशी बुडतात, बाकीचे झाड कुजते. कळ्या वेचून बरणीत थोड्या स्वच्छ पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवता येतात.

सरासेनियाचे बी पेरायचे असेल तर त्यालाही चार ते सहा आठवडे ओली थंडी द्यावी लागते: ओल्या मॉसमध्ये, पिशवीत, त्याच भाज्यांच्या खणात. फ्लायट्रॅपच्या बियांना ती लागत नाही, त्या कोरड्या आणि गार ठेवल्या की पुरे.

कुंडी बदलायची आणि गड्डे विभागायचे ते हिवाळा सरताना, नवी फूट दिसण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. तेव्हाच सरासेनियाच्या गेल्या वर्षीच्या उरलेल्या तुताऱ्या कापाव्यात, म्हणजे गड्ड्यावर ऊन पडते. फ्रिजमधून निघालेले झाड पहिल्याच दिवशी कडक उन्हात नेऊ नये. आठवडाभर सावलीत, मग सकाळचे ऊन, मग पूर्ण. ट्रेमधले पाणी पाने दोन-तीन सेंटिमीटर झाल्यावरच वाढवावे. पहिली पाने वाकडी, चुरगळलेली आली तर भिंग घेऊन मधला कोंब पाहावा. बहुतेक वेळा तिथे मावा असतो. कुंडीसकट झाड शुद्ध पाण्यात एक-दोन दिवस पूर्ण बुडवून ठेवले तर तो मरतो आणि झाडाला काही होत नाही. फ्लायट्रॅपला पानांबरोबरच फुलाचा दांडा येईल. अशक्त झाडाचा तो चार-पाच सेंटिमीटर असतानाच कापावा. कापलेला दांडा ओल्या पीटमध्ये खोचून ठेवला तर कधीकधी त्याच्या बुडाशी नवे रोप फुटते.

आपले,
कीटकभक्षी वनस्पती सांभाळणारे काही वाचक